मोतीबिंदूची सवय आणि मधुमेहाचा डोळा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका नेत्रवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास आणि राजकारण या विषयांवर नामवंत वक्ते बोलून गेले आहेत. त्यांच्या मागून एका नेत्रवैद्याने उभे राहावे आणि मधुमेहाची कथा लावावी, यात रसभंगाचा धोका आहे हे आम्ही जाणून आहोत. तथापि चालकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा आम्ही हाच विषय हट्टाने मागून घेतला. त्यास कारण झाले ते गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्याच्या दारात झालेले चार वाक्यांचे संभाषण. साठीच्या घरातील एक सद्गृहस्थ नातवाच्या चष्म्यासाठी आले होते. बोलण्याच्या ओघात त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह असल्याचे कळले. आम्ही विचारले, "आपण स्वतःचे डोळे शेवटचे कधी दाखविलेत?" ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, चष्मा लावून मी अजून घरात सुईत दोरा ओवून देतो. मला काय झालंय?"

आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर होय. ते दारात उभ्या उभ्या देता येण्याजोगे नव्हते, आणि प्रश्न विचारणारे ते एकटेही नाहीत.

डोळ्यांच्या दुखण्याविषयी आमच्या समाजाची जी समजूत आहे ती मोतीबिंदूने घडविलेली आहे. आजोबांना दिसेनासे झाले की घरातील माणसे म्हणत, "पिकू द्या." वैद्यही तेच सांगत. मग एखादे वर्ष जाई, शिबिराची तारीख लागे, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आजोबा घरी येत आणि काही दिवसांतच त्यांना अंगणातील तुळशीवृंदावन पुन्हा दिसू लागे. हा चमत्कार घरोघरी लोकांनी पाहिला आहे. त्यातून लोकांनी जो धडा घेतला तो असा की, दृष्टी गेली तरी ती परत आणता येते, सबब घाईचे कारण नाही. दिसेनासे झाले म्हणजे पाहू. मोतीबिंदूपुरता हा धडा पुष्कळसा खराही होता. (आता तो पिकण्याची वाट पाहण्याचेही प्रयोजन उरलेले नाही, ही गोष्ट निराळी.) मोतीबिंदूत गढूळ होते ते डोळ्याचे पुढील भिंग. मागील पडदा शाबूत असतो. भिंग काढून नवे बसविले की प्रकाशाची वाट मोकळी होते. मधुमेह हात घालतो तो मात्र त्या मागच्या पडद्याला. भिंग बदलता येते. पडदा बदलण्याची विद्या अद्याप कोणास साधलेली नाही. मोतीबिंदूने लावलेली सवय घेऊन माणसे मधुमेहाच्या डोळ्याकडे पाहतात आणि नेमकी तेथेच फसतात, हे आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे.

हा पडदा, ज्यास शास्त्रात दृष्टिपटल म्हणतात, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यात मंद प्रकाशात पाहणाऱ्या सुमारे बारा कोटी आणि रंग व बारकावे ओळखणाऱ्या सुमारे साठ लाख पेशी दाटीवाटीने बसविलेल्या आहेत. मध्यभागी एक लहानसा ठिपका आहे, त्याला पीतबिंदू म्हणतात. वर्तमानपत्रातील अक्षर, सुईचे नेढे, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा, एस.टी.ची पाटी, हे सारे त्या ठिपक्याच्या जोरावर ओळखता येते. बाकीचा विस्तीर्ण पडदा आजूबाजूचे भान ठेवतो. या पडद्याची भूकही मोठी आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरातील सर्वांत अधिक प्राणवायू खाणाऱ्या भागांत त्याची गणना होते, आणि ही भूक भागविणारे रक्त येते ते केसाहून कितीतरी बारीक नळ्यांतून.

या केशवाहिन्यांची भिंत आतील अस्तराच्या पेशी आणि बाहेरून त्यांना मिठी मारून बसलेल्या आधाराच्या पेशी अशी दुहेरी असते. रक्तात वर्षानुवर्षे साखर अधिक राहिली की या आधाराच्या पेशी आधी मरू लागतात. आधार सुटलेल्या जागी नळीला फुगवटी येते, सायकलच्या जुन्या ट्यूबला यावी तशी. फुगवटीतून पाणी झिरपते, कोठे रक्ताचा ठिपका पडतो, कोठे रक्तातील स्निग्ध द्रव्याचे पिवळे कण साचतात. हे पाणी पीतबिंदूवर जमले तर तो सुजतो आणि वाचताना अक्षरे वाकडी किंवा पुसट दिसू लागतात. दुसरीकडे काही नळ्या पार बुजून जातात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला पडद्याचा तुकडा उपाशी पडतो.

येथून पुढची गोष्ट विलक्षण आहे. उपाशी पडदा स्वस्थ बसत नाही. तो एक रासायनिक द्रव्य स्रवू लागतो. नव्या रक्तवाहिन्या उगवा, असा त्या द्रव्याचा हुकूम असतो. त्या हुकुमाबरहुकूम वाहिन्या उगवतातही. परंतु उगवतात त्या चुकीच्या जागी आणि कच्च्या बांधणीच्या. त्या पडद्यातून बाहेर पडून डोळ्याच्या पोकळीतील काचेसारख्या पारदर्शक गरावर चढतात. एखादे दिवशी, कधी झोपेतसुद्धा, त्यांतील एक तुटते. माणूस सकाळी उठतो तो डोळ्यापुढे काळे धागे लोंबताहेत, धूर पसरला आहे, असे सांगत. पुढे त्या वाहिन्यांबरोबर वाढलेले तंतू आकसतात आणि पडद्यालाच ओढून भिंतीपासून सुटा करतात. शरीराने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही धडपड शेवटी डोळ्याचा घात करते. दुष्काळात नवी विहीर खणावी आणि तिचे कठडे ढासळून घरच खचावे, असा हा प्रकार आहे.

आता त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. इतके सारे आत चालू असताना त्यांना कळत कसे नाही? कारण दृष्टिपटलाला दुखणे कळविणारी चेताच नाही. तेथे रक्त सांडले तरी ठणका लागत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. शिवाय रोगाचा आरंभ बहुधा पीतबिंदूपासून दूर होतो. मधला ठिपका कोरडा असेतोवर तक्त्यावरील शेवटची ओळ माणूस घडाघडा वाचतो. नव्या वाहिन्या उगवून उद्या फुटण्याच्या बेतात असलेला डोळाही आज सुईत दोरा ओवू शकतो. आम्ही असे डोळे पाहिले आहेत. भरीस भर म्हणून देवाने डोळे दोन दिले. एकाचे उणे दुसरा भरून काढतो, आणि माणसाला एक डोळा अधू झाल्याचे कळते ते दुसऱ्यात कुसळ गेले म्हणजे.

मधुमेह आमच्या पूर्वजांना ठाऊक होता. सुश्रुत-चरकांनी त्याची लक्षणे लिहून ठेवली आहेत आणि लघवीला मुंग्या लागतात हेही त्या काळी टिपले गेले आहे. परंतु जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पडदा पाहणे कोणासच शक्य नव्हते. बाहुली काळी दिसते, तिच्या आत अंधार आहे, असेच जगभर मानीत. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यात प्रकाश सोडून त्याच वाटेने आत पाहण्याचे एक साधे उपकरण प्रसिद्ध केले आणि ते दार उघडले. त्यानंतर चारपाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेही माणसाच्या पडद्यावरील डाग वर्णन केले. हे डाग खरोखरच मधुमेहाचे का, यावर मोठमोठ्या नेत्रवैद्यांनी शंका घेतल्या. त्यातही आश्चर्य नाही. त्या काळी ज्यांना लहान वयात मधुमेह होई ते फार जगतच नसत. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्या रुग्णाला टोचण्यात आले, आणि मरणाच्या दारातील मुले घरी परतली. ती मुले वाढली, संसारी झाली, वीस वर्षे जगली, तीस वर्षे जगली. आणि मग त्यांच्यातील पुष्कळांचे डोळे जाऊ लागले. आयुष्य लांबले म्हणून पूर्वी लपलेला रोग उघड्यावर आला.

आमच्या भागात "इन्सुलिन सुरू केलं आणि डोळे गेले" असे जे बोलले जाते त्याचे मूळ थोडेफार असल्याच घटनाक्रमात असावे. इन्सुलिन बहुधा दुखणे फार पुढे गेल्यावर, नाइलाजाने सुरू होते. तोवर पडद्याची नासाडी दहा-पंधरा वर्षे चाललेली असते, आणि दोष येतो तो शेवटी आलेल्या पाहुण्यावर. यात एक बारीकसे सत्य आहे, तेही लपवू नये. फार दिवस भडकलेली साखर एकाएकी खाली आणली तर काही रुग्णांचा पडदा पहिले काही महिने अधिक बिघडलेला आढळतो. म्हणून औषधात मोठा बदल करण्यापूर्वी डोळे पाहून घ्यावेत. इन्सुलिन नाकारावे असा याचा अर्थ मुळीच नाही.

उपचाराची कथा याहून सुरस आहे. १९४५ च्या जुलैमध्ये युरोपात सूर्यग्रहण दिसले. उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्यांच्या पीतबिंदूला चटका बसला, असे काही लोक हॅम्बर्ग येथील रुग्णालयात आले. तेथील तरुण नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी त्या भाजलेल्या पडद्याचा चट्टा न्याहाळला आणि त्यांच्या मनात उलटा विचार आला. सूर्य जर भिंगातून आत जाऊन पडद्यावर नेमका डाग देऊ शकतो, तर तोच डाग आपण हव्या त्या जागी, हव्या त्या मापाने का देऊ नये? युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात त्यांनी रुग्णालयाच्या छपरावर आरसे मांडले, सूर्याचा किरण खालच्या खोलीत आणला आणि रुग्णाच्या डोळ्यात सोडला. ढग आले की उपचार बंद! पुढे विजेच्या ठिणगीचे दिवे आले. १९६० साली लेसरचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस तो मधुमेहाच्या डोळ्यासाठी वापरात येऊ लागला. आमच्याकडे आजीबाई ग्रहण पाहू नका म्हणून पोरांना घरात कोंडीत. त्यांचे चुकत नव्हते. पण त्याच भाजण्यातून कोणाला तरी औषध सुचावे, ही मानवी बुद्धीची गंमत आहे.

लेसरने नेमके होते काय, हे रुग्णाला समजावून सांगणे अवघड जाते, कारण ते ऐकताना उफराटे वाटते. कडेच्या उपाशी पडद्यावर हजार-दीड हजार बारीक चटके देऊन तो भाग आम्ही जाणूनबुजून निकामी करतो. मेलेला भाग प्राणवायू मागत नाही, मागणी घटली की नव्या वाहिन्यांचा तो घातक हुकूम थांबतो, आणि उगवलेल्या वाहिन्या सुकतात. कडेचा काही पडदा देऊन मधला पीतबिंदू राखावयाचा, असा हा सौदा आहे. सौद्याची किंमत द्यावी लागते. रात्रीचे दिसणे काहीसे मंदावते, बाजूचे थोडे कमी दिसते. म्हणून लेसर झाल्यावर "आधीपेक्षा चांगलं काही दिसत नाही" अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो आणि गल्लीत सांगत सुटतो की, लेसरने काही गुण आला नाही. गुण आला तो असा की, जे उद्या जाणार होते ते राहिले. राहिलेल्या वस्तूचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही.

तो हिशेब अमेरिकेत शास्त्रीय रीतीने ठेवला गेला. १९७० नंतरच्या दशकात पंधरा केंद्रांत १,७५८ रुग्णांचा एक डोळा लेसरने उपचारिला आणि दुसरा तसाच ठेवून दोहोंची तुलना केली. १९७६ साली निष्कर्ष हाती आले ते इतके स्पष्ट की, दुसऱ्या डोळ्यालाही उपचार देणे चालकांना भाग पडले. दृष्टी पार जाण्याचा धोका उपचाराने निम्म्याहून अधिक घटला होता. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत असा फरक पडावा, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

पीतबिंदूच्या सुजेसाठी आता डोळ्यात टोचावयाची औषधे आहेत. उपाशी पडदा जे द्रव्य स्रवतो त्यालाच ती पकडून निष्प्रभ करतात. डोळ्यात सुई म्हटल्यावर माणसाचा चेहरा उतरतो, परंतु डोळा बधिर करून पांढऱ्या भागातून दिलेली ती सुई बहुतेकांना चिमट्याएवढीही जाणवत नाही. खरी अडचण आहे ती ही की, एका इंजेक्शनाने भागत नाही. आरंभी ती महिन्या-महिन्याने घ्यावी लागतात, आणि खर्च पाहून तिसऱ्या वेळेस येणे थांबविणारे आम्ही पुष्कळ पाहतो. डोळ्यात रक्त भरून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर आतील गर काढण्याची शस्त्रक्रिया आहे. १९७० साली अमेरिकेत रॉबर्ट माखेमर यांनी ती प्रथम करून दाखविली. त्यांनी आपले हत्यार आधी कोंबडीच्या अंड्यातील बलकाभोवतीच्या पांढऱ्यावर चालवून पाहिले होते. ही शस्त्रक्रिया करणारे कुशल हात आता आपल्या जवळच्या मोठ्या शहरांतही आहेत. पण तेथवर जाण्याची पाळी येणे हीच हार होय.

मुळावर घाव घालावयाचा तर साखर आटोक्यात पाहिजे. १९९३ साली पुरा झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका दीर्घ अभ्यासात, तरुण वयात मधुमेह झालेल्या १,४४१ जणांपैकी ज्यांचे डोळे आरंभी निरोगी होते त्यांच्यात कसोशीच्या उपचाराने पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ साली ब्रिटनमधून आलेल्या निष्कर्षाने आमच्यासारख्यांचे डोळे उघडले. तेथे रक्तदाब नीट राखलेल्या मधुमेही रुग्णांत दृष्टी लक्षणीय ढासळण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. साखरेची वही नेमाने ठेवणारे लोक रक्तदाबाच्या गोळीला मात्र "सवय लागेल" म्हणून टाळतात. नळी साखरेने कुजली असेल तर तिच्यातून दाबाने रक्त सोडल्यावर ती फुटेल, हे नळ दुरुस्त करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मूत्रपिंडाचे दुखणे आणि रक्तक्षय यांचेही तसेच. गरोदरपणात आधीच मधुमेह असलेल्या स्त्रीचा पडदा झपाट्याने बिघडू शकतो, तेव्हा दिवस राहिल्याबरोबर आणि पुढेही डॉक्टर सांगतील त्या त्या महिन्यांत तिचे डोळे पाहावेत.

कुंद्याच्या गावात राहून गोडाविषयी उपदेश करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इतकेच सांगतो की, कुंदा सणावारी असतो, पण दिवसातून सहा वेळा साखर घातलेला चहा आणि दोन्ही वेळचा ताटभर भात रोज असतो. हिशेब रोजचा धरावा.

चष्म्याविषयी दोन शब्द. साखर वर-खाली झाली की डोळ्याचे भिंग पाणी शोषून फुगते किंवा उतरते आणि चष्म्याचा नंबर काही दिवसांतच बदलतो. चाळिशी लागलेल्या माणसाला एकाएकी चष्म्यावाचून वाचता येऊ लागले तर घरचे पेढे वाटतात; आम्हांस मात्र त्याची साखर तपासावीशी वाटते. उलटपक्षी नुकताच उपचार सुरू झालेल्याने घाईने नवा चष्मा करू नये. साखर स्थिर होऊन काही आठवडे गेल्यावर केलेला चष्माच टिकतो. मधुमेहीला मोतीबिंदू लवकर होतो, काचबिंदूचा धोकाही वाढतो, आणि क्वचित डोळा फिरविणारी चेता दुर्बळ होऊन एकाचे दोन दिसू लागतात. हे शेवटचे बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरते, तरी ते डॉक्टरांना लगेच दाखवावे.

आता स्वतःचा एक दोष सांगणे भाग आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. शनिवार होता, बाजाराचा दिवस. खेड्यातून पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या एक मावशी आल्या. झंपर-परकर शिवून त्यांचा संसार चाले. जवळचे दिसत नाही, टाका चुकतो, एवढीच तक्रार. आठ वर्षांचा मधुमेह, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. जवळचे भिंग लावताच त्यांनी बारीक अक्षर वाचून दाखविले. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतो म्हटल्यावर त्या गडबडल्या. "शेवटची गाडी चुकेल, डॉक्टर. आणि थेंब घालून उतरताना मला पायरी दिसायची नाही. पुढल्या बाजाराला येते की." बाहेर वीस माणसे ताटकळत होती. आम्ही चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि कागदाच्या कोपऱ्यात 'पुढील वेळी थेंब' अशी नोंद केली.

ती पुढील वेळ सव्वादोन वर्षांनी आली. उजवा डोळा रक्ताने भरला होता आणि डाव्यातील पडदा ओढला जाऊ लागला होता. मोठ्या शहरी शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा थोडा राखता आला. त्या भाकरी थापू शकतात, माणूस आवाजासह ओळखतात, पण शिवणयंत्र त्यांनी सुनेच्या हवाली केले आहे. त्यांनी आम्हांस बोल लावला नाही. "मीच आले नाही, डॉक्टर," असे त्या म्हणाल्या. ते खरे नव्हे. येणे किंवा न येणे ठरविण्यासाठी जे ठाऊक असावे लागते ते आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. आम्ही थेंबांविषयी बोललो. थेंब कशासाठी हे बोललो नाही. चष्म्याने स्पष्ट दिसले, यात त्यांचे समाधान झाले आणि, खरे सांगावयाचे तर, आमचेही. मोतीबिंदूची सवय केवळ रुग्णांनाच असते असे नाही. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात मधुमेही माणसाला पडदा पाहिल्याखेरीज चष्म्याचा नंबर मिळत नाही, आणि बाजाराच्या दिवशी परगावच्या मधुमेही रुग्णांना सकाळी सर्वांत आधी आत घेतात. यावरून रांगेतील मंडळी आमच्याशी भांडतात. भांडोत.

हा प्रश्न किती मोठा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात दहा कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे. त्या पाहणीत सर्वांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा लागला. तेथील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांत एकाहून अधिक. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या सोयरिकी तेथे आहेत, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत चाळिशीपुढील मधुमेही लोकांपैकी सुमारे बारा-साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर रोगाच्या खुणा आढळल्या, आणि सुमारे चार टक्क्यांची दृष्टी धोक्यात होती. शंभरात चार हा आकडा लहान वाटतो. तो दहा कोटींना लावून पाहिला म्हणजे आमच्यासारख्याची झोप उडते.

माणसाने आपण होऊन शहाणे व्हावे आणि दरसाल तपासणीस यावे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. इंग्लंडने ते केले नाही. तेथे २००३ पासून मधुमेही लोकांच्या याद्या करून प्रत्येकाला घरी पत्र धाडून बोलाविण्याची आणि पडद्याचे छायाचित्र काढण्याची व्यवस्था उभारली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, कामकाजाच्या वयातील लोकांना अंधत्व आणणाऱ्या कारणांत इंग्लंड-वेल्समध्ये जवळजवळ पन्नास वर्षे पहिल्या क्रमांकावर असलेला हा रोग त्या स्थानावरून खाली उतरला. यशाचे श्रेय एकट्या पत्रांना देता येणार नाही, साखरेचे उपचारही सुधारले होते; परंतु यादी आणि पत्र यांचा वाटा त्यात मोठा मानला जातो. ही गोष्ट आमच्या आवाक्याबाहेरची आहे काय? पडद्याचे छायाचित्र काढावयास नेत्रवैद्यच लागतो असे नाही. शिकविलेला तंत्रज्ञ ते काढतो आणि दूर बसलेला डॉक्टर ते वाचतो. यंत्रालाही ते वाचावयास शिकविण्यात आले आहे. २०१८ साली अमेरिकेने अशा पहिल्या यंत्रणेला मान्यता दिली, आणि या विद्येच्या आरंभीच्या कामात मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारख्या भारतीय संस्थांतील छायाचित्रे वापरली गेली होती.

आमच्या गावापुरते बोलावयाचे तर मधुमेही माणूस महिन्यातून एकदा तरी औषधाच्या दुकानाची पायरी चढतोच. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर दुकानदाराने एवढेच विचारावे, "यंदा पडदा दाखविलात?" गावातील डॉक्टरांनी साखरेच्या नोंदीशेजारी डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिण्यास एक रकाना आखावा. गणेशोत्सव मंडळे आरोग्य शिबिरे भरवितातच. त्यांत मोतीबिंदू शोधण्याबरोबर पडद्याचे छायाचित्र काढण्याची सोय करावी. दोन मंडळांशी आमचे बोलणे झाले आहे. एकाने मान डोलावली, दुसऱ्याने रोषणाईचा खर्च वाढल्याचे सांगितले.

तपासणीस केव्हा यावे? प्रौढपणी मधुमेह निघाला असेल तर तो निघाल्याबरोबरच, कारण अशा माणसाच्या रक्तात साखर कित्येक वर्षे आधीपासून मुक्कामाला असते. लहान वयात झाला असेल तर साधारण पाच वर्षांनी. त्यानंतर दरसाल, खुणा आढळल्यास डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, डोळ्यापुढे पडदा सरकला, सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर त्याच दिवशी यावे. बाजाराची किंवा अमावास्येची सबब सांगू नये.

येताना सोबत कोणालातरी आणावे. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होण्यास अर्धा तास लागतो आणि पुढे चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते, उन्हाचा त्रास होतो. तेव्हा काळा चष्मा किंवा छत्री असावी. दुचाकी घरी ठेवावी. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, साखरेचे अलीकडचे कागद, विशेषतः तीन महिन्यांच्या सरासरीचा, आणि जुना चष्मा आणावा. लेसर किंवा इंजेक्शन पूर्वी झाले असेल तर त्याचा कागद अवश्य आणावा. "काहीतरी वीज लावली होती" एवढ्यावरून आम्हांस उलगडा होत नाही.

ते सद्गृहस्थ आज तिसऱ्या ओळीत बसलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता ते थेंब घालावयास येणार आहेत, असे त्यांनी मघाशी दाराशी कबूल केले आहे, आणि नातू त्यांचा हात धरून आणणार आहे. आता कोणास काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे.